गाडीच्या एसीचा वारा कमी? गॅस भरण्याआधी हा एक प्रश्न विचारा



एप्रिल उजाडला की रत्नागिरीतल्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "दादा, एसी काही लागत नाही, जरा गॅस भरून द्या ना." गंमत बघा, ग्राहक आजार सांगत नाही, थेट औषधच सांगतो. समोरचा मेकॅनिकही तेच औषध देऊन मोकळा होतो. ग्राहक पैसे देतो, दोन दिवस बरं वाटतं आणि आठवड्याने तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी राहते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

आजच्या व्हिडिओत आपण कार एसी सर्व्हिसच्या व्यवसायाबद्दल बोललो. वेळेअभावी तिथे जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर देतो आहे. जाळीतून वारा कमी येत असेल तर कारण कसं शोधायचं, ते दुरुस्त कसं करायचं आणि या एका कामावर विश्वासाचा छोटा व्यवसाय कसा उभा करायचा, एवढाच आजचा विषय. तुम्ही आयटीआय करून नुकतेच बाहेर पडला असाल, कुणाच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करत असाल किंवा तुमचं स्वतःचं छोटं गॅरेज असेल, तर वही-पेन घेऊनच बसा.

पहिला प्रश्न: वारा कमी की थंडावा कमी?

"एसी चालत नाही" या तीन शब्दांत दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एक म्हणजे वारा पुरेसा येतो, पण गार नसतो. दुसरा म्हणजे वारा गार असतो, पण येतोच कमी. पहिल्याचा संबंध गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पंख्याशी. दुसऱ्याचा संबंध फिल्टर, ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि आतल्या फ्लॅपशी. घर एकच, पण बिघाडाच्या खोल्या दोन.

हा फरक ओळखायला लागतो फक्त एक थर्मामीटर. मधल्या जाळीत थर्मामीटर घाला, एसी पूर्ण थंडवर ठेवा, आतली हवा फिरवणारं बटण चालू ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. मग खालीलपैकी काय दिसतं ते बघा.

– वारा भरपूर, पण जाळीतली हवा कोमट: बिघाड थंडाव्याच्या बाजूला आहे.
– जाळीत ७-८ अंश, पण हाताला वारा जेमतेम लागतो: बिघाड वाऱ्याच्या बाजूला आहे. गॅसला हात लावू नका.
– सुरुवातीला दोन्ही छान, अर्ध्या तासाने वारा गायब: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे.
– दोन्ही कमी: आधी वारा दुरुस्त करा, थंडावा नंतर मोजा.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. कूलिंग कॉइलवरून वारा कमी गेला की कॉइलला उष्णता कमी मिळते आणि गेजवर लो साइडचं प्रेशर खाली दिसतं. नवा मेकॅनिक ते बघून म्हणतो, "गॅस कमी आहे." आणि भरतो! खरं तर गॅस बरोबर होता, फिल्टर तुंबला होता. आता सिस्टीममध्ये गॅस जास्त झाला, कॉम्प्रेसरवर ताण आला आणि ज्या गाडीत एकच बिघाड होता तिच्यात दोन झाले. म्हणून नियम पाठ करा: वारा पूर्ण झाल्याशिवाय गेज लावायचं नाही.

आपल्या भागात हा त्रास का होतो?

धंदा करायचा तर आपला भाग ओळखला पाहिजे. रत्नागिरीतल्या गाड्या रोज तीन गोष्टींशी झगडतात.

पहिली गोष्ट म्हणजे जांभ्याची लाल धूळ. चिऱ्याच्या खाणी, कच्चे रस्ते, वर्षानुवर्षं चाललेलं मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण. हातखंब्याकडून शहरात आलेल्या गाडीचा फिल्टर काढून बघा, पांढरा कागद विटकरी झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दमट हवा. मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांवर असला तरी घामाच्या धारा लागतात, कारण हवेत पाण्याची वाफ ठासून भरलेली असते. हीच वाफ कूलिंग कॉइलवर पाणी होऊन जमते. म्हणजे आपल्याकडे कॉइल सतत ओली असते. ओल्या कॉइलवर लाल धूळ बसली की चिखल होतो आणि कॉइलच्या बारीक पात्यांतल्या फटी बुजतात. कोरड्या प्रदेशात फुंकर मारून जी धूळ निघेल, ती आपल्याकडे लिंपल्यासारखी चिकटते.

तिसरी गोष्ट म्हणजे झाडं आणि उंदीर. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी असते. सुकी पानं, मोहोर, काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात आणि ब्लोअरपर्यंत पोचतात. पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात उंदीर तिथे घर करतो. मिऱ्या, भाट्ये, पावस या किनाऱ्यालगतच्या भागात त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते आणि इलेक्ट्रिक जोड गंजतात.

आणि हा प्रश्न फक्त आरामाचा नाही बरं का. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत कोल्हापूरला जाताना आंबा घाटात पुढची काच आतून धुरकट झाली की ती साफ करतो तो एसीचाच कोरडा वारा. वारा कमी असेल तर काच निवळत नाही. एका हाताने फडकं फिरवत घाट उतरणारा ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल. त्या गाडीतल्या सहा-सात जणांचा जीव त्या वाऱ्यावर अवलंबून असतो. आपण हे काम करतो तेव्हा ही जबाबदारी डोक्यात असली पाहिजे.

वाऱ्याचा रस्ता पाठ करा

डॉक्टरला जशी शरीररचना, तसा आपल्याला वाऱ्याचा रस्ता माहीत हवा. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून किंवा आतली हवा डॅशबोर्डखालून येते. कुठली घ्यायची हे एक फ्लॅप ठरवतो. मग केबिन फिल्टर आणि ब्लोअर. काही गाड्यांत फिल्टर आधी, काहींत ब्लोअर आधी. पुढे कूलिंग कॉइल, त्यानंतर गरम-गार मिसळणारा फ्लॅप. शेवटी तोंडावर, पायावर की काचेवर हे ठरवणारे फ्लॅप आणि मग जाळ्या.

या रस्त्यावर कुठेही अडथळा आला की वारा कमी होतो. आपलं काम म्हणजे रस्त्यावर चालत जाऊन अडथळा शोधणं. सोप्या आणि स्वस्त जागेपासून सुरुवात करायची, डॅशबोर्ड उघडणं सगळ्यात शेवटी.

तपासणीच्या आठ पायऱ्या

१. ड्रायव्हरला विचारा. वारा हळूहळू कमी झाला की अचानक? सगळ्या जाळ्यांतून कमी की एकाच बाजूने? लांबच्या प्रवासातच होतं का? फिल्टर शेवटचा कधी बदलला? हळूहळू कमी झालेला वारा बहुतेक वेळा कचऱ्यामुळे असतो, अचानक गेलेला वारा बहुतेक वेळा इलेक्ट्रिकमुळे. पाच मिनिटांच्या या बोलण्याने अर्धं निदान होतं.

२. कान लावा. ब्लोअर फुल स्पीडवर ठेवा. आवाज मोठा पण वारा कमी असेल तर मोटर फिरते आहे आणि रस्ता तुंबला आहे. आवाजही कमी आणि वाराही कमी असेल तर मोटर किंवा तिला मिळणारी वीज कमी आहे. 'टक टक टक' असा आवाज येत असेल तर पंख्यात पान किंवा काडी अडकली आहे. 'कुईं' असा आवाज म्हणजे मोटरचा बुश झिजला आहे. शून्य रुपयांची तपासणी आहे ही.

३. चारही स्पीड बघा. साध्या, म्हणजे नॉबवाल्या एसीत १, २, ३ वर ब्लोअर बंद आणि ४ वर चालू असेल तर रेझिस्टर गेला असं समजा. चौथ्या स्पीडला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जाते, म्हणून तेवढाच स्पीड चालतो. ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल असतं, तिथे ही खूण लागू होत नाही.

रेझिस्टर बदलून गाडी लगेच देऊ नका. तो गार राहतो तो ब्लोअरच्याच वाऱ्याने. फिल्टर तुंबलेला असेल किंवा जड झालेली मोटर जास्त करंट ओढत असेल तर नवा रेझिस्टरही जळणार. का जळला हे सापडलं, तरच काम पूर्ण झालं.

४. फिल्टर काढून बघा. अनेक गाड्यांत तो समोरच्या कप्प्यामागे असतो, पाच मिनिटांत निघतो. आता फिल्टर न लावताच ब्लोअर चालवा. वारा एकदम वाढला? चोर सापडला. ग्राहकाला स्वतःचा हात जाळीसमोर धरायला सांगा. फिल्टरशिवाय हा वारा, फिल्टरसह तो वारा. समजावून सांगायला एक शब्दही लागत नाही.

नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरचा वाऱ्याच्या दिशेचा बाण बघा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन परत बसवू नका, त्याचा लगदा होतो. फुंकर मारून झटकलेला फिल्टर म्हणजे दोन दिवसांची सोय. फिल्टरशिवाय गाडी परत पाठवणं तर अजिबात नको, सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन बसते. आणि हो, काही जुन्या छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर कंपनीकडूनच नसतो. तिथे कॉइल जास्त घाण झालेली सापडेल.

५. बर्फाची परीक्षा. एसी वीस-तीस मिनिटं चालवून वारा कमी झाला की फक्त एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला आणि गाडीखाली पाणी ठिबकलं तर कॉइलवर बर्फ होता. कारणं तीन असू शकतात. फिल्टर किंवा कॉइल तुंबल्याने वारा कमी. कॉइलचं तापमान मोजून कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर खराब. किंवा गॅस खरोखर कमी. म्हणजे गॅसचा नंबर लागतो तो इथे, तोही तिसरा.

६. वीज मोजा. ब्लोअर फुल ठेवा, इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज बघा आणि मग मोटरच्या जोडावर बघा. बॅटरीवर १३.८ आणि मोटरवर १०.५ आलं तर मधले तीन व्होल्ट कुठेतरी खाल्ले जातायत. गंजलेला जोड, जळकी पिन, ढिला अर्थ किंवा रिले. किनाऱ्यावरच्या गाडीत हे आधी तपासा. मोटरवर वीज पूर्ण असूनही ती हळू फिरत असेल तरच मोटर दोषी. हे न मोजता मोटर बदलणं म्हणजे ग्राहकाच्या खिशाशी खेळ.

७. ब्लोअर आणि कॉइल डोळ्यांनी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर तीन-चार स्क्रू काढले की खाली उतरतो. त्याच्या पात्यांच्या खोलगट भागात माती भरली की पंखा तेवढाच फिरतो, पण हवा कमी ढकलतो. ब्रशने, हलक्या हाताने साफ करा. नंतर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घालून कॉइलचा चेहरा बघा. मातीचा थर असेल तर फोटो काढून ठेवा. कॉइल साफ करायला तिच्यासाठी मिळणारा फोम वापरा. प्रेशर वॉशर किंवा ॲसिड वापरू नका, पाती वाकतात, कॉइल गळायला लागते. पाणी बाहेर नेणारी नळीही मोकळी करा. ती तुंबली की पाणी मॅटखाली साचतं आणि कुबट वास येतो.

८. फ्लॅप तपासा. तोंडावर, पायावर, काचेवर असं प्रत्येक बटण दाबून बघा. वारा पायाशी भरपूर पण तोंडावर नाही, असं असेल तर कचरा नाही, फ्लॅप किंवा त्याची छोटी मोटर अडकली आहे. सात सीटच्या गाडीत मागच्या एसीला वेगळा ब्लोअर असतो. त्याची हवा घेण्याची जाळी सामानाने किंवा मॅटने झाकलेली नाही ना, ते बघा.

डॅशबोर्डजवळ काम करताना बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबा, एअरबॅगशी खेळ नको. गेज लावताना चष्मा आणि हातमोजे घालाच, कारण सुटलेला गॅस कातडीला आणि डोळ्यांना गोठवतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, रत्नागिरी स्टेशनवरून गणपतीपुळ्याला प्रवासी नेणारा एक टुरिस्ट गाडीवाला तुमच्याकडे आला. मे महिना, रोज दोन-तीन फेऱ्या. आरे-वारेच्या रस्त्याने जाताना मागचे प्रवासी कुरकुर करतात. काल तर एका कुटुंबाने परतीसाठी दुसरी गाडी केली. तो म्हणतो, "भाऊ, गॅस टाका आणि मोकळं करा. मला तीनच्या गाडीचं भाडं आहे."

तुम्ही म्हणता, "दादा, वीस मिनिटं द्या. गॅसच कमी असेल तर तसं सांगतो."

थर्मामीटर सांगतो, जाळीत ८ अंश. म्हणजे थंडावा ठीक आहे. ब्लोअरचा आवाज मोठा, वारा कमी, मधूनच टक टक. फिल्टर काढला तर तो विटेसारखा लाल. फिल्टरशिवाय वारा वाढला, पण टकटक राहिलीच. ब्लोअर उतरवला, आत आंब्याची तीन सुकी पानं आणि काडी. साफसफाई, नवा फिल्टर, मागच्या ब्लोअरची जाळी मोकळी. पाऊण तासात काम संपलं, गॅसला हातही लावला नाही.

त्याचं तीनचं भाडं वाचलं. सीझनमध्ये टुरिस्ट गाडीवाल्याला यापेक्षा मोठी गोष्ट नाही. आणि स्टेशनबाहेरच्या रांगेत उभा असताना तो काय सांगणार? "त्याने गॅस भरला नाही, पण एसी करून दिला." यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही.

गॅसच्या कमाईचा मोह

मित्रांनो, एक साधी गोष्ट ग्राहकाला कधी कुणी सांगत नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण एका सीझनमध्ये कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. गॅस भरायचाच झाला तर आधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्या, व्हॅक्युम करा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजनावर भरा. अंदाजपंचे नाही.

यात जगाचा प्रवाह कुठे चालला आहे तेही बघा. जुन्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनच्या थराला भोक पाडत होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो वापरता येत नाही. भारताने २०२१ मध्ये किगाली करार स्वीकारला. त्यानुसार अशा गॅसचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे.

याचा धंद्याला अर्थ काय? ज्याची कमाई फक्त सिलिंडरवर आहे, त्याचा पाया हळूहळू सरकणार. निदान मात्र कुठल्याही गॅसच्या गाडीला लागणारच. इलेक्ट्रिक गाडीलाही फिल्टर, ब्लोअर आणि कॉइल आहेच.

आता हिशोब

हे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले दर टाका.

_पद्धत पहिली:_ आलेल्या प्रत्येकाला गॅस. बिल १,५०० रुपये, खर्च ७०० रुपये, हातात ८०० रुपये. दहा गाड्यांचे ८,००० रुपये. यातल्या चार गाड्यांचा आजार वाऱ्याचा होता असं धरू. चौघेही परत येतात. दोघांना पैसे परत द्यावे लागतात, ३,००० रुपये गेले. दोघांचं काम फुकट करावं लागतं. हातात राहिले ५,००० रुपये, दोन दिवस वाया आणि चार तोंडं तुमच्याविरुद्ध बोलणारी.

_पद्धत दुसरी:_ आधी तपासणी. तपासणी फी ३०० रुपये, फिल्टरवर १५० रुपये, मजुरी २०० रुपये, हातात ६५० रुपये. दहा गाड्यांचे ६,५०० रुपये. ज्यांना खरोखर गॅस किंवा मोटर लागते त्यांचं वेगळं. परत येणारी गाडी जवळपास नाही, आणि आलीच तर ती पुढच्या वर्षीच्या सर्व्हिसला.

पहिली पद्धत एका गाडीवर जास्त देते, दुसरी महिन्यावर जास्त देते. उद्योजक महिना बघतो, टपरी चालवणारा गाडी बघतो!

"पण सर, आपल्याकडे तपासणीचे पैसे कोण देणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. तपासणी दिसली तर लोक पैसे देतात. म्हणून एक छापील कार्ड करा. त्यावर गाडी नंबर, तारीख, जाळीतलं तापमान, वाऱ्याचा वेग, फिल्टरची अवस्था, सापडलेलं कारण, केलेलं काम आणि कामानंतरचे आकडे. वाऱ्याचा वेग मोजायचं हातात धरायचं मीटर मिळतं, ते घ्या. "वारा वाढला" असं सांगणं वेगळं आणि "आधी एवढा होता, आता एवढा आहे" असं दाखवणं वेगळं. काढलेला जुना फिल्टर ग्राहकाच्या हातात द्या. काम तिथेच करून घेतलं तर तपासणी फीमधून सूट द्यायची की नाही हे आधी ठरवा आणि बोर्डवर लिहा. प्रत्येकाला वेगळा दर सांगितला की विश्वास संपला.

अजून एक काम करा. कुठल्या मॉडेलला किती वारा असायला हवा याची स्वतःची वही बनवा. चांगल्या अवस्थेतल्या गाड्या सर्व्हिसला येतात तेव्हा त्यांचे आकडे लिहून ठेवा. वर्षभरात ती वही तुमची खरी संपत्ती होईल. ती बाजारात विकत मिळत नाही आणि शेजारच्या गॅरेजकडे नसते.

सुरुवात किती भांडवलावर?

पहिल्या टप्प्यात गॅस मशीन घेऊ नका. मल्टिमीटर, थर्मामीटर, वाऱ्याचं मीटर, मोबाइल कॅमेरा, प्लास्टिकच्या पट्ट्या, चांगला पान्ह्यांचा सेट, ब्रश, फोम आणि तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या पाच-सहा मॉडेलचे फिल्टर. एवढ्यावर वाऱ्याच्या बाजूचं बरंचसं काम होतं. ज्यांना गॅसचं काम लागेल त्यांच्यासाठी मशीन असलेल्या गॅरेजशी बोलून ठेवा. तो तुमच्याकडे वाऱ्याची गाडी पाठवेल, तुम्ही त्याच्याकडे गॅसची.

कर्ज घ्यायचं तर आकार बघून घ्या. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, अवजारांची सुरुवात त्यात बसते. पुढे शेड, मशीन, लिफ्ट घ्यायची वेळ आली की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन घ्या. अटी बदलत असतात, त्यामुळे एजंटच्या सांगण्यावर नाही, कार्यालयातल्या माहितीवर विश्वास ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

जागा नसेल तरी अडत नाही. फिल्टर आणि वाऱ्याची तपासणी ग्राहकाच्या अंगणात होते. गणपतीपुळ्याच्या हॉटेलांचं पार्किंग, स्टेशनचा टॅक्सी स्टँड, मिरजोळे एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या स्टाफ गाड्या, हे तुमचे पहिले ग्राहक. आधी परवानगी घ्या, मग बोर्ड लावा.

वर्षभराचं कॅलेंडर

कार एसीचा धंदा म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने, असं समजलात तर दहा महिने माशा माराल.

– फेब्रुवारी-मार्च: "सीझनच्या आधी तपासणी." टुरिस्ट गाडीवाल्यांना शिमग्याच्या आधीच गाठा. मे महिन्यात त्यांना गाडी उभी ठेवणं परवडत नाही.
– एप्रिल-मे: तातडीचं काम. फिल्टरचा साठा आधी भरून ठेवा.
– जून-सप्टेंबर: "काच धुरकट होते का?" हीच जाहिरात. उंदीर, ओल, कुबट वास आणि तुंबलेल्या नळ्यांची कामं.
– गणपतीच्या आधी-नंतर: चाकरमान्यांच्या मुंबईहून आलेल्या गाड्या. परतीच्या प्रवासाआधी वीस मिनिटांची तपासणी.
– ऑक्टोबर-जानेवारी: ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी आणि डिसेंबरचे पर्यटक. पावसानंतर गंजलेले जोड साफ करण्याची हीच वेळ.

ग्राहकाला जाताना दोन सवयी सांगा, फुकट. धुळीच्या रस्त्यावर आतली हवा फिरवणारं बटण चालू ठेवा, पण लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर बंद गाडीत डोळे जड होतात. आणि झाडाखाली गाडी लावली असेल तर आठवड्यातून एकदा वायपरखालची पानं हाताने काढा. तुम्ही त्याचे पैसे वाचवताय हे दिसलं की तो तुम्हाला सोडून जात नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: घरची, मित्राची, शेजारच्या काकांची अशा तीन गाड्या घ्या आणि आठही पायऱ्या क्रमाने करा. बिघाड नसला तरी करा, चांगली गाडी कशी असते हे आधी हाताला कळलं पाहिजे.

दोन: तिन्ही गाड्यांचे तापमान आणि वाऱ्याचे आकडे वहीत लिहा. तुमच्या संपत्तीचं पहिलं पान झालं.

तीन: तपासणी कार्डाचा मसुदा कागदावर काढा आणि त्यावर तुमची फी लिहा. हात थरथरला तरी लिहा. जो स्वतःच्या निदानाला किंमत लावत नाही, त्याच्या निदानाला ग्राहकही किंमत देत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "दादा, गॅस भरून द्या," की हसून एवढंच विचारा, "वारा कमी लागतोय की गार कमी लागतंय?" तुमच्या धंद्याची पायाभरणी या प्रश्नाने होणार आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!